रकाना क्रमांक सात

फॉर्म मराठीतच होता, तरी दोनदा वाचावा लागला.
'स्थानिक हवामान निधी. कर्ब उत्सर्जन घटवणारे,
लोकसहभागातून उभे राहणारे प्रकल्प.'
मी भांडुपच्या स्मशानात नोंदणी कारकून.
लोकसहभाग आमच्याकडे कधीच कमी पडला नाही.

जवळची खूण काय लिहायची?
सगळा वॉर्ड आमच्याच खुणेनं पत्ता सांगतो,
'स्मशानाच्या अलीकडे'.
पलीकडे राहणारं कुणी भेटलेलं नाही.

सध्याचं इंधन: लाकूड.
दर वेळी तीनशे किलो. श्रावणात ओलं येतं,
तेव्हा साडेतीनशे, आणि वहीत नसलेली एक बाटली डिझेल.
धूर कुठे जातो, असा रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं:
समोरच्या सात मजल्यांत,
उंबरकरबाईंनी वाळत घातलेल्या नातीच्या दुपट्यांत,
शाळेच्या चौथ्या तासात.
मुलं आपणहून खिडक्या लावून घेतात,
फळ्यावरचं पुसत नाहीत.

रकाना सात: लाभार्थींची संख्या, आणि त्यांच्या सह्या.

पातेरे काट्यावर बसून हसला.
लाकूड तोलून तोलून त्याचा उजवा खांदा उतरलाय,
हसताना तोच आधी हलतो.
'संख्या लिहा, साहेब. सह्यांचं मात्र अवघड आहे.'

वॉर्डातल्या मिस्किटा मॅडमना फोन केला.
त्या बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, 'लागू नाही, असं लिहा.'
इतकं खोटं मला सरकारी कागदावरही लिहवेना.
रकाना कोराच ठेवला.

बारा लाख मागितले, आठ लाख चाळीस हजार आले.
उरलेल्यासाठी मंडळानं या वर्षी मखर साधं केलं,
रिक्षावाल्यांनी डबा फिरवला,
आणि वखारीचे भानुशाली शेठ स्वतः येऊन
पन्नास हजार ठेवून गेले.
पावती घेतली नाही. चहाही नाही.

गॅसची दाहिनी बसली.
उद्‌घाटनाला नारळ फुटला, हार पडला, फोटो झाले.
आणि मग कुणी येईना.
येत होते, पण बाजूच्या चौथऱ्यावर.
'बटण कोण दाबणार? थोरला मुलगा? की तुम्ही?'
'अग्नी म्हणजे दिसायला नको का?'
'आमच्या आप्पांवरच कशाला प्रयोग?'
मी कुणाशी वाद घातला नाही.
माणूस त्या दिवशी आकडे ऐकायच्या अवस्थेत नसतो.
अकरा दिवस तो हार दाहिनीवर सुकत राहिला.

बाराव्या दिवशी पातेरे सुट्टीवर होता.
दुपारी आला तो आईला घेऊन.
सवयीनं काट्याकडे गेला,
वजनाला हात लावला, आणि थांबला.
'शेवटी एकतीस किलो होती,' म्हणाला,
'गेल्या आठवड्यात दवाखान्यात मोजली.
एकतीस किलोच्या बाईला तीनशे किलो लाकूड.
आयुष्यभर मीच तोलत आलो,
हे गणित कधी मांडलं नाही मी.'

दाराशी त्यानं कापूर पेटवला, हातानं.
तो दिसला सगळ्यांना.
मग बटण दाबलं. त्यानंच.
समोरच्या तिसऱ्या मजल्यावर उंबरकरबाई
दुपटी काढायला धावत आल्या होत्या,
तशाच उभ्या राहिल्या, चिमटे हातात.

तिमाही अहवालात
'लाभार्थीचा अभिप्राय' असा नवाच रकाना निघाला.
पातेरेला विचारलं, काय लिहू?
तो काट्याला तेल देत होता.
त्या काट्यावर आता शाळेची पोरं वजन करून जातात.

'लिहा,' म्हणाला, 'धूर नव्हता.
मग डोळे कशानं चुरचुरले, ते कळलं नाही.'

लिहिलं. पाठवलं.
परवा कागद परत आला:
संस्थेचा गोल शिक्का राहिलाय म्हणून.