हवा काढणे

शिवडीच्या फाटकापाशी पेडल खाली गेलं
ते वर आलंच नाही.
हँडब्रेकवर थांबली गाडी,
शहाळेवाल्याच्या हातगाडीपासून वीतभर.
तो काही बोलला नाही. कडेचं एक शहाळं उचलून
पलीकडे ठेवलं, एवढंच.

म्हणून आज रविवारी, दारूखान्याच्या गल्लीत,
गंजक्या नांगरांच्या ढिगाशेजारी
आप्पांची चारशेसात उभी. ब्याण्णवचं मॉडेल.
चाकांना विटा. सत्तारभाईंचा पोऱ्या गावी गेलेला
आणि हे काम एकट्याचं नाही,
एक वर लागतो, एक खाली.
खाली जालिंदर. वर मी.
वाटणीच्या कागदावर सह्या झाल्यापासून
सतरा महिन्यांत आम्ही एकमेकांना
जेवलास का, हेसुद्धा विचारलेलं नाही.

इंजिन बंद. आधी पाच-सहादा दाबून
बूस्टरमधला उरलासुरला जोर संपवायचा.
मग पेडल दगड होतं,
आणि कळतं, इतकी वर्षं
पायात आपलं स्वतःचं किती होतं.

सगळ्यात लांबचं चाक पहिलं. मागचं, डावं.
निपलवर नळी, नळीचं टोक
बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं.
खालून आवाज येतो, ‘दाब.’
दाबतो.
‘धर.’
धरतो. निपल सैल होतो
आणि पाय चिखलात जावा तसा खाली जातो.
‘सोडू नको.’
पाना आवळल्याची कुरकुर.
‘सोड.’

बुडबुडे निघतायत म्हणे. मला दिसत नाहीत.
मला दिसतो साखळ्या तोलणारा काटा,
एक लंगडं कुत्रं, आणि समोर
कापून आणलेल्या बोटीचं नाक.
आप्पा खाली असायचे तेव्हा
आम्ही दोघं इथे वर, एका पेडलवर दोन पाय,
कुणाचा जास्त जड यावरून चिमटे.
आप्पा खालून ओरडायचे, एकच पाय, एकच!

दुसऱ्या चाकाला त्याने विचारलं,
‘ऑइल कुठलं घातलंस?’
‘घरातलं.’
‘फोडलेला डबा?’
‘अर्धाच तर वापरला होता.’
‘फोडलेलं ऑइल बंदराची हवा पितं.
आप्पांनी शंभरदा सांगितलंय.’
‘तुला सांगितलं असेल.
वाटणीत गाडी मला आली, अक्कल तुला.’

हे मी बोलायला नको होतं.
मग तो बोलला. मग मी.
घाटकोपरची खोली, दवाखान्याचं बिल,
आईची पाटली कुणी मोडली, कुणी मोडू दिली,
सगळं गाडीच्या पत्र्यातून आरपार,
एकमेकांचं तोंड न बघता,
आणि मध्येमध्ये दाब, धर, सोड,
कारण पाना त्याच्या हातात होता
आणि पाय माझा.

टाकी बघणं माझं काम.
तिचा तळ लागला तेव्हा पेडल नुसतं फुस्स झालं.
तीन चाकांची मेहनत गेली. पुन्हा आत हवा.
पुन्हा मागचं डावं.

जालिंदर बाहेर आला. पाठीला लोखंडाचा कीस.
मला वाटलं, गेला.
गेलाच. पंधरा मिनिटांनी आला
सत्तारभाईंच्या घरून सीलबंद डबा घेऊन
आणि खारीचा एक पुडा, माझ्याकडे न बघता
बॉनेटवर ठेवलेला.

‘टाकी?’
‘बघितली.’
‘दाब.’
दर आठ दाबांना तो विचारत होता,
दर आठ दाबांना मी सांगत होतो.

हवा संपली तशी जॅक लावून
ॲडजस्टर फिरवला, लायनर ड्रमला भिडून
चाक अडेपर्यंत. मग काही दाते मागे.
हाताने चाक फिरवून पाहिलं,
एका फेऱ्यात एकदा, किंचित, खर्रर्र.
‘अजून सैल करू?’ त्याने विचारलं.
‘नको. एवढं घासू दे.’

पेडल दाबून ठेवलं आणि स्टार्टर मारला.
इंजिन लागलं, आणि पायाखाली पेडल
अर्धं बोट आपसूक उतरलं.
बूस्टर जिवंत.

वखारीच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन
करकचून थांबवली. थांबली.
जालिंदर बाजूच्या सीटवर, मांडीवर खारीचा चुरा.
‘डावीकडे ओढतेय,’ म्हणाला.
‘जरा ओढतेय.’
‘पुढच्या रविवारी बघू.’
आणि हँडब्रेक
त्यानेच वर ओढला.