स्टँडखालची फळी

टाकी भरली की दोनशे ब्याऐंशी किलो.
माझे अठ्ठावन्न, तेही रेनकोट भिजलेला असला तर.
बँकेतल्या बिवलकरांनी कागदावर मांडून दाखवलं,
म्हणाले, मॅडम, हे गणित बसत नाही.
मी म्हटलं, तुम्ही कर्ज द्या, बसायचं मी बघते.

गुहागरात ती आली तेव्हा
लोक आधी टायर बघत, मग मला,
मग माझे पाय टेकतात का ते.
टेकतात.
डावा पूर्ण, उजव्याचा चवडा.
रस्ता कुठल्या बाजूला उतरतो
हे आता थांबायच्या आधीच कळतं,
अंधारात आपल्या घरचा उंबरा कळतो तसं.

लियाकत पेवेकर होड्यांच्या इंजिनांचा मिस्त्री.
त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली,
नंबरप्लेटचा स्क्रू नखानं खरवडून जिभेला लावला.
"खारं," म्हणाला.
"दर्या हिला उभ्या जागी खाईल.
गोड्या पाण्यानं धू, पण फवारा मारू नको,
बेअरिंगात पाणी शिरतं, कानात शिरतं तसं.
चेनीला तेल फिरून आल्यावर, गरम असताना.
निघता निघता लावशील
तर ते मागच्या टायरवर उडेल
आणि पालशेतच्या वळणावर तुला मी आठवेन."

म्हणून रोज संध्याकाळी विहिरीचा पंप,
दोन बादल्या, जुन्या परकराचं फडकं.
शेजारच्या विमलकाकू गडग्यावरून विचारतात,
म्हशीसारखी काय घासतेस गो तिला?
म्हैस दूध तरी देते.

जांभ्याची भुकटी.
मासळीच्या टेम्पोतून गळलेलं पाणी, नेमकं वळणावर.
आंब्याच्या दिवसांत ट्रकातून पडलेलं गवत.
खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यात जाते,
म्हणून बघायचं ते वळणाच्या शेवटाकडे,
जिथं अजून काहीच दिसत नाही तिकडे.

एवढं सगळं येत असून
धोपाव्याच्या जेटीवर पडले.
ओहोटी, उतारावर शेवाळ, फेरीबोटीचा भोंगा,
हँडल वळलेलं आणि मी पुढचा ब्रेक दाबला.
वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही
हे मी स्वतः दोन पोरांना शिकवलंय.

सोडली तिला. पाय काढून घेतला.
तेवढं मात्र वेळेवर सुचलं.

चार खलाशी धावत आले. मी म्हटलं, थांबा.
इंजिन बंद. पहिला गिअर.
उजवीकडे पडलेली, म्हणून स्टँड आधी उघडला,
नाहीतर उभी करता करता पलीकडे जायची.
पाठ सीटला टेकवली, गुडघे वाकवले,
एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला,
आणि मागं मागं, कोंबडीच्या पावलांनी.
पहिल्यांदा घसरले.
कोळंबीची पाटी घेऊन बसलेली एक बाई उठली,
काही बोलली नाही,
माझ्या टाचेमागची शेवाळलेली जागा पायानं घासली,
चाकाखाली दगड सरकवला
आणि परत जाऊन बसली.
दुसऱ्यांदा उठली गाडी.
मांड्या त्यानंतर दाभोळपर्यंत थरथरत होत्या,
बोटीच्या पत्र्यासारख्या.

ब्रेकचा लिव्हर वाकला.
लियाकत म्हणाला, हातोडीनं सरळ करीन, पण तुटेल कधी ते सांगणार नाही.
नवा मागव.
पार्सल पुण्याहून. अकरा दिवस.

पडवीसमोर वाळू आहे, स्टँड रुततो.
लियाकतनं मोडीत निघालेल्या होडीची
फणसाची एक फळी दिली होती,
भोक पाडून दोरी ओवलेली,
वर बसल्यावर न उतरता ओढून घ्यायला.
अकरा दिवस ती दोरी कुणी ओढली नाही.
धुतलेली, पुसलेली, कुठं न जाता
फळीवर एक पाय ठेवून ती उभी होती,
जराशी डावीकडे कलून,
गडग्यापलीकडे कोण काय बोलतंय
ते ऐकत असल्यासारखी.