रात्रपाळी

कपाट आमच्या थोरलीचं.
हेल्मी टोरांटोला गेली तेव्हा त्यात तीन हँगर उरले,
स्केटिंगचा एक बूट, डावा,
आणि दाराच्या आतल्या बाजूला
पेन्सिलीने तिची उंची, वर्षवार.
रायमोने बूट काढला, हँगर काढले,
दाराला चंदेरी कागद चिकटवताना मात्र थांबला
आणि तेवढी एक पट्टी सोडून बाकीचं मढवलं.

कायद्याने घरटी चार रोपं.
चार म्हणजे चार, म्हणत त्याने पाच बिया
ओल्या कागदात गुंडाळून ताटलीखाली ठेवल्या.
एक उगवणार नाही, म्हणाला.
नाहीच उगवली.
एकतीस वर्षं निकेलच्या खाणीत काढलेला माणूस
असाच हिशेब करतो:
पिंजऱ्यातून खाली किती गेले, वर किती आले.

सडबरीत जानेवारीचं ऊन
पाहुण्यासारखं येतं, अंगातला कोटही न काढता निघतं.
कपाटात अठरा तास लख्ख.
विजेचं बिल मी फ्रिजवर लावलं, बोलले नाही.
त्याने वाचलं, बोलला नाही.

पहिल्या पंधरवड्यात त्याने त्यांना बुडवलंच जवळजवळ.
सकाळी पाणी, दुपारी पाणी, बातम्यांनंतर घोटभर.
पानं पिवळी पडली, लोंबली
ओल्या मोज्यांसारखी.
शेजारची ओदील आली,
मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसलं,
म्हणाली, कुंडी उचलून बघ. जड आहे ना?
मग हात खिशात.
अति तिथे माती, आणि इथे तर मातीचाही चिखल.
तो खरोखर हात खिशात घालून
दोन दिवस कपाटासमोर उभा राहिला.
पोरी तापाने फणफणायच्या तेव्हा
हा चार हजार फूट खाली असायचा.
हे मी म्हणाले नाही.
त्याला ऐकू आलं.

मग फुलोऱ्यासाठी बारा तास उजेड, बारा तास काळोख.
काळोखात दार उघडायचं नाही,
फटीतून रेघसुद्धा आत जाता कामा नये.
हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.
फटींना काळी टेप लावली
आणि कुठून झिरपतंय का बघायला
स्वतःच आत बसून दार ओढून घेतलं.
पाच मिनिटं. दहा.
मी टकटक केली, कळलं का काही?
आतून आवाज आला, इथे बरं आहे.

तिसरं रोप नर निघालं.
देठांच्या बेचक्यात इवले बंद घोस.
ठेवलं तर बाकीच्यांत बी धरणार.
उपट, ओदील म्हणाली.
त्याने उपटलं नाही. कुंडीसकट मागच्या पायरीवर नेऊन ठेवलं,
बाहेर उणे एकतीस.
सकाळी रोप काचेचं झालेलं, हिरव्या काचेचं.
एक पान मी मोडलं तर
कट्‌ आवाज झाला, स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढा.
दुपारी त्याने कुंडी रिकामी केली
आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ हात धुतले.

आता वास जिन्यापर्यंत उतरलाय:
लिंबाची साल, मांजराचं मूत, पावसाळी कुंपण.
माझ्या कोटालाही येतो. ग्रंथालयातली मुलगी
पुस्तकावर शिक्का मारता मारता हसली.
कशासाठी हे, कुणी विचारलं तर रायमो गुडघे दाखवतो.
गुडघे दुखतात, खरं आहे.
हेल्मीने फोनवर विचारलं, बाबा कुठे?
मी म्हटलं, रात्रपाळीला.

काल दिवा लागल्यावर त्याने मला बोलावलं.
सगळ्यात उंच रोपाचा शेंडा
दारावरच्या सातव्या वर्षाला टेकला होता,
त्या वर्षी तिचे पुढचे दात पडले होते.
त्याने खिशातून पेन्सिल काढली,
शेंड्याजवळ नेली, तशीच धरून राहिला,
मग माझ्या हातात दिली.