टक्

येमूलच्या टपरीसमोर गाडी कधीच अडत नाही.
किल्ली फिरवली की पहिल्याच झटक्यात सुरू,
पाहुण्यांपुढं पाढे म्हणणाऱ्या पोरासारखी.

आणि परवा भर दुपारी, अक्कलकोट रोडला,
मागं टॉवेलचे चाळीस गठ्ठे,
ट्रान्सपोर्टवाल्याचा तिसरा फोन,
नुसतं टक्.
मग तेही नाही.

बॅटरी नवी टाकून झाली.
स्टार्टर दोघांनी उघडला, दोघांनी पैसे घेतले.

नरसय्या येमूल काहीच उघडत नाही. विचारतो,
गरम असताना की गार?
तेव्हा दिवे मंद होतात?
मला आठवत नाही. शिव्या तेवढ्या आठवतात.

"ऱ्हाऊ द्या हितंच. तापू द्या."
मग आम्ही तापतो तिघं,
तो, मी आणि एकोणीस वर्षांची पिकअप.
समोरच्या कारखान्यात माग खडखडतात,
त्यातला एक थांबला की त्याची मान वळते.
बाप मागावर होता त्याचा.

सव्वातीनला टक्.
येमूल पहिल्यांदा हसतो.
टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनला,
"आता मारा किल्ली."
दिवा लागतो,
जिथं लागायला नको तिथंच.

चेसीला आवळलेली जाड पट्टी
वरून काळा रंग, धडधाकट,
बोल्टाखाली हिरवी पडलेली.
"अर्थच लागत नव्हता," म्हणतो
आणि पॉलिशपेपर शोधू लागतो.

साठ रुपये. चहा त्याच्याकडून.

घरी जाताना मी तीनदा उगाच बंद करून पाहिली.
तिन्हीदा सुरू.
चौथ्यांदा हात किल्लीपर्यंत गेला,
मग गिअरवर ठेवला.