सहावा मजला

नकाशात सहावा मजला पाचव्यासारखाच होता.
तेच चार फ्लॅट, तीच कचऱ्याची खिडकी,
लिफ्टसमोर तीच अडीच मीटर मोकळी जागा
जिला आम्ही कागदावर नावही दिलं नव्हतं.

उलानबातर, जानेवारी, उणे एकतीस.
मी तक्रार तपासायला आले होते :
सहाव्यावर पोरांचा धुडगूस. बंदोबस्त करा.
खाली अंगणात माझाच निळा हत्ती,
सोंडेची घसरगुंडी, कानांपर्यंत बर्फात.
हवेला कोळशाचा वास. चिटपाखरू नाही.
तो मी काढला होता मे महिन्यात,
मे समोर ठेवून.
मे इथं फार थोडा असतो.

लिफ्ट उघडायच्या आधीच आवाज आला :
मेंढीच्या घोट्याची हाडं, शागाई,
टिचकीसरशी फरशीवरून धावणारी.
सात-आठ मुलं. भिंतीशी बूट, काही उलटे.
बुटांतलं बर्फ वितळून
आमच्या चुकलेल्या उतारानं
बरोबर एका कोपऱ्यात साचलेलं,
आणि त्या तळ्यात बिस्किटाच्या कागदाची होडी.

"तू कितव्या मजल्यावर राहतेस?"
"चौदाव्या," नोमुंदारी म्हणाली,
वय पाच, पुढचे दोन दात रजेवर.
"मग इथं का उतरतेस?"

तिनं मला हाताला धरून लिफ्टमध्ये नेलं,
जसं ऐकू न येणाऱ्याला नेतात.
चवड्यांवर उभी राहिली. हात ताणला, मग बोट,
मग श्वाससुद्धा.
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.
सातचं बटण नखाच्या दोन बोटं वर.

एवढंच.
सोळा मजल्यांची इमारत
तिच्यापुरती सहा मजल्यांची होती.
नवव्याचा, अकराव्याचा, पंधराव्यावरची जुळी,
ज्याचा त्याचा हात जिथं संपत होता
तिथं सगळे उतरत होते,
आणि पुढचे जिने चढण्याआधी
जरा बसत होते.

मी टेप काढला. लाज लपवायला काहीतरी हातात हवं होतं.
एकशे तेहतीस सेंटिमीटर.
हा आकडा मला कुणी शिकवला नव्हता,
आणि मीही कुणाला विचारला नव्हता.

आजोबांच्या गेरचं दार आठवलं,
त्या वाटोळ्या लोकरी घराचं.
इतकं बुटकं की मोठ्यांना वाकावं लागे.
मी मात्र ताठ मानेनं आत जायची,
उंबऱ्यावर पाय न देता,
एखाद्या सरदारासारखी.

ऑफिसात बात्सेंगेल म्हणाला,
"बटणं खाली घे. आडवी, नव्वदवर. मिटलं."
बरोबरच होतं त्याचं. मी तसंच लिहिलं.
रात्री मात्र डोळा लागेना.
प्रत्येक मूल थेट आपल्या दारात पोचलं
तर सहाव्यावर उतरेल कोण?

नव्या इमारतीत मी सहाव्यावरचा एक फ्लॅट खोडला.
तिथं दक्षिणेला काच, ऊन आत येईल अशी,
खालून गरम होणारी फरशी,
म्हाताऱ्यांना बाक, आणि शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी
मुद्दाम तिकडे उघडणारी.
लुव्सान्दोर्जनं पेन खाली ठेवलं.
"एक फ्लॅट म्हणजे किती तुगरिक, कळतं का?"
कळतं, म्हणाले.
तासाभरानं अर्धा फ्लॅट मिळाला.
काच पश्चिमेला गेली. बाक राहिला.
खिडकीचं अजून भांडण चालू आहे.

मार्चमध्ये जुन्या इमारतीत पुन्हा गेले.
बटणं बदलायला माणूस आलेलाच नव्हता.
नोमुंदारी आता सहा वर्षांची,
एक दात उगवलेला, तोही तिरपा.
तिनं मला दाखवायला आठ दाबलं, सहज,
मग घाईघाईनं सहाही.

दार उघडलं. ती बूट काढत पळाली,
एक बूट लिफ्टमध्येच राहिला.
तो हातात धरून मी उभी,
आणि समोरच्या दारातून कुणीतरी ओरडलं,
"बाई, तुम्हीच का त्या? काहीतरी करा!"