चौथी होडी

द्वारका,
रविवारी दोनच्या सुमाराला टपरी तासभर पोराकडं दे
आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरून खाली ये.
होड्या चार आहेत, माणसं तीन.
चौथी ताडपत्रीखाली पालथी पडलीय,
तिच्या आडोशाला उतेकरांची कोंबडी खुडूक बसलीय,
आणि आम्ही तिला शर्यतीची होडी म्हणतो.

शर्यत म्हणजे फार काही नाही.
नऊ फुटी प्लायवूड, एक डोलकाठी, एक शीड,
सुकाणूला कुदळीचा दांडा.
शिडं मेढ्याच्या चौकातल्या उतरवलेल्या फ्लेक्सची.
माझ्यावर कुणाच्यातरी वाढदिवसाची अर्धी मिशी आलीय,
तनिष्काच्या वाट्याला नुसतं 'शुभेच्छुक'
आणि खाली चाळीस नावं.
वारा भरला की चाळीसही जणांची पोटं एकदम फुगतात.

चारी होड्या एका मापाच्या. एवढा एक नियम मी जिवापाड पाळतो.
एकाच पुठ्ठ्यावरून आखल्या, एकाच डब्यातला रंग,
पैसेवाल्याला पैशानं पुढं जाता येऊ नये म्हणून.
हलक्या माणसानं पायाशी पाण्याचा कॅन ठेवायचा.
तनिष्का सातवीत आहे, दोन कॅन ठेवते.
तरी जिंकते.

मी एकतीस वर्षं लाँच हाकली या पाण्यावर.
हँडल मारायचं, धूर काढायचा, पर्यटक तापोळ्याला सोडायचे.
त्या धडधडाटात मला कधी कळलंच नाही
की हवेला कूस असते, ती झोपेत वळते.
तुला कळतं.
परवा कदम बाई लाल पिंपाला वळसा घालत होत्या,
तू किटली हातात घेऊन वरून ओरडलीस,
"बाई, वारा उलटला!"
आम्हा तिघांना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं.
पाच मोजेपर्यंत शिडाचा वासा फिरला
आणि बाई पाण्यात, चष्म्यासकट.
नंतर विचारलं तर म्हणालीस,
चुलीचा धूर रोज वासोट्याकडून येतो,
आज मागून डोळ्यात गेला.

हे मला कुणी शिकवलं असतं
तर मी कशाला शेवटी आलो असतो?

पडायचं म्हणशील, तर पडतोच.
जॅकेट आहे, बाईंचं जरा सैल होतं, तुला बसेल.
होडी आडवी झाली की खालच्या फळीवर उभं राहायचं,
काठ धरून मागं रेलायचं.
उठते ती. म्हशीसारखी, नाखुशीनं, पाणी गाळत.

आणि वारा जिथून येतो तिकडं सरळ जाता येत नाही
हे ऐकून घाबरू नको.
थोडं उजवीकडं, थोडं डावीकडं,
प्रत्येक वळणाला डोकं खाली, नाहीतर वासा बसतो.
आठवड्यातून दोनदा तू साखरेचं पोतं घेऊन
एसटीनं कासचा घाट उतरतेस,
तुला वळणं मी काय समजावू!

लाँचवाले हसतील. हसू देत.
त्यांचं डिझेल संपलं होतं दिवाळीत, मधोमध,
तेव्हा दोर फेकायला तनिष्काच गेली होती
आणि लाँच काही तिला ओढवली नाही,
पण तिनं ओढून बघितली.

खरं सांगू? यात माझा स्वार्थ आहे.
तिघांत तिसरा येऊन कंटाळलोय मी.
चौथं कुणी आलं तर वाटलं, एखादा रविवार तरी...
पण तू आलीस तर मी चौथाच येणार,
हे मला आत्ताच दिसतंय.
तरी ये.

पदर खोचून ये, नाहीतर पोराची ट्रॅकपँट घाल.
दूध उतू जाईल ही सबब चालणार नाही,
पोराला मी विचारलंय, त्याला चहा येतो.

फक्त या रविवारच्या आधी होडीला हात लावू नको.
शनिवारी कोंबडीचे एकवीस दिवस भरतात.
पिल्लं निघाली
की सुलटी करतो.