झाकण

दर गुरुवारी, पहाटे पाचाच्या आत,
ब्लँटायरमध्ये, म्बायानी वस्तीच्या खालच्या अंगाला
लिंबानी आणि तडाला
पहार लावून मॅनहोलचं झाकण उचलतात.

लिंबानी पूर्वी तळ्यावरून चांबो मासे आणायचा.
तोच थर्माकोलचा खोका, तसाच बर्फ;
वास अजून गेलेला नाही,
आणि आता त्याची कुणाला तक्रारही नाही.

तडाला दोरी सोडते. बाटली भरते.
साबण, शेंगदाण्याचं तेल, काल रात्रीची न्सिमा,
कुणाचा ताप, कुणाचं घरात न सांगितलेलं गर्भारपण,
सगळं एकाच पाण्यात.
माणसं डॉक्टरपाशी खोटं बोलतात,
गटाराला ते जमत नाही.

"याचे पैसे मिळतात?"
मंडासी तळणारी बाई विचारते.
"मिळतात."
"मग ठीक. मला वाटलं, काही हरवलंय."

दुपारी वीज जाते. जनरेटर खोकतो, मग लागतो.
स्टेपलरएवढं यंत्र अक्षरं ओकू लागतं.
चारच अक्षरं, त्यांच्या लांबच लांब तुटक ओळी.
तडाला वाचत जाते
मास्तरीणबाईंनी मळकी वही तपासावी तशी.
ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली
की दिनाचा दीन होतो;
इथंही तेवढंच.
बहुतेक चुका कुणाचं काही बिघडवत नाहीत.
एखादी मात्र
कुलपात नेमकी बसते.

या आठवड्यात तीन. शेजारीशेजारी.
कुठल्याच यादीत नाहीत.
ती पुन्हा चालवते.
तीनच.

लिलोंग्वेला फोन. लिलोंग्वे म्हणतं, थांबा.
दूरच्या कुठल्याशा देशातून पत्र येतं:
नमुना दूषित नव्हता ना?
तडाला लिंबानीला मोठ्यानं वाचून दाखवते,
"गटाराचं पाणी स्वच्छ होतं ना, विचारतायत."
तो खोका घासत असतो. हसतो,
आणि हसता हसता आपल्या हातांकडे बघतो.

संध्याकाळी म्बायानीत
दवाखान्यापुढे रांग नाही,
कुणाच्या दारात रडणं नाही.
पोरं चिंध्यांच्या चेंडूनं खेळतायत,
त्यांचा एक खांब म्हणजे तेच झाकण.
कुणी आजारी नाही,
की आजारी आहे हे अजून कुणाला माहीत नाही,
या दोहोंमधल्या फटीत
तिची नोकरी.

ती चार मंडासी घेते, कागदात बांधून.
"सापडलं का?" बाई विचारते.
तडाला सुटे पैसे मोजत राहते,
मोजून झाल्यावरही.